तीळ वाहशील ना?

मकर संक्रांतीची पहाट. कमला नदीच्या काठच्या त्या खेड्यावर धुके इतके दाट उतरलेले असते, की अंगणात उभे राहिले तर समोरचा दलानसुद्धा दिसू नये. दलान म्हणजे घराबाहेरची पुरुषमंडळींची बैठकीची ओसरी. तिच्यापुढे गोवऱ्यांचा आणि पेंढ्याचा 'घूर' धुमसत असतो. पोखरीत बुडी मारून कुडकुडत धावत आलेली मुले त्याच्याभोवती हात शेकत बसतात. 'पोखर' म्हणजे तळे. मिथिलेत तळ्यावाचून गाव नाही आणि गावावाचून तळे नाही.

एवढ्यात आतून हाक येते. मुले अंगणात जातात. आई एका वाटीत तीळ, गूळ आणि ओले तांदूळ कालवून बसलेली असते. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाच्या तळहातावर ती चिमूटभर तीळ ठेवते आणि विचारते, "तीळ वाहशील ना?" मूल म्हणते, "हो, वाहीन." ती पुन्हा विचारते. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारते आणि तिसऱ्यांदा होकार घेतल्यावरच ते तीळ मुलाच्या मुखात जातात.

आपल्याकडे त्याच दिवशी घरोघर तिळगूळ वाटला जातो. देणाऱ्याची अपेक्षा एवढीच, की घेणाऱ्याने गोड बोलावे. मिथिलेतील आई त्याच तिळांच्या मोबदल्यात कितीतरी अधिक मागते. तीळ वाहणे म्हणजे भार वाहणे. माझे हातपाय थकतील तेव्हा तू मला सांभाळशील ना, असा त्या प्रश्नाचा अर्थ आहे. सहा वर्षांच्या पोराला तो अर्थ कळत नाही. त्याचे लक्ष गुळाकडे असते. परंतु दरवर्षी तोच प्रश्न, त्याच स्वरात, त्याच थंडीत कानी पडत गेला, की एखाद्या वर्षी तो एकाएकी कळतो. बहुधा ज्या वर्षी मुलगा गाव सोडून निघणार असतो, त्या वर्षी.

आणि गाव सोडणे हे या भूमीच्या कपाळी फार दिवसांपासून लिहिलेले आहे. मिथिला म्हणजे उत्तर बिहारातील मधुबनी, दरभंगा, सहरसा, सुपौल आदी जिल्हे आणि सीमेपलीकडचा नेपाळच्या तराईचा मोठा भाग. राजा जनकाचे नगर म्हणून ज्याची ख्याती, ते जनकपूर आज नेपाळात आहे. मैथिली भाषा मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच नांदते. नेपाळात तिचा क्रमांक नेपाळीच्या खालोखाल लागतो. भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला इ. स. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने स्थान मिळाले. हिमालयातून उतरणाऱ्या कोसी, कमला, बागमती या नद्यांनी येथे सुपीक गाळ आणून टाकला आणि त्याच नद्यांनी गावे उचलून नेली. इ. स. २००८ च्या ऑगस्टात नेपाळातील कुसहा येथे कोसीचा बांध फुटला, तेव्हा नदीने आपला मार्गच बदलला व लक्षावधी लोक बेघर झाले. जमीन थोडी, माणसे फार आणि पाण्याचा भरवसा नाही, असे असल्यावर तरुणांनी काय करावे? पूर्वी ते कलकत्त्याला व आसामात जात. पुढे पंजाबच्या शेतांवर कापणीला जाऊ लागले. आता दिल्ली, सुरत, मुंबई. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून जयनगरकडे निघणारी पवन एक्सप्रेस ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिच्या दारांतील गर्दीवरून मिथिलेची अर्धी कथा कळली असेल.

असे एक अंगण डोळ्यांपुढे आणावे. तेथे एक आजी आहे, आई आहे, लग्न होऊन वर्ष न झालेली थोरली मुलगी आहे, तिच्या पाठचे धाकटे मूल आहे; आणि थोरला मुलगा मुंबईत इमारतींच्या बांधकामावर आहे. वडील कधी घरी, कधी परमुलुखी. अशा अंगणात वर्षाचे सण कोण चालविते? स्त्रियाच चालवितात. ते त्यांच्या हाती पडलेले काम म्हणून नव्हे. मिथिलेत पुष्कळसे सण मुळातच त्यांचे आहेत.

वैशाखाच्या तोंडाशी, एप्रिलच्या मध्यास, 'जूड शीतल' येते. मैथिलांचे ते नववर्ष. आदल्या दिवशी 'सतुआइन'. त्या दिवशी सातूचे पीठ आणि कैरी खावयाची. दुसऱ्या दिवशी पहाटे आजी तांब्यात रात्रीचे थंड पाणी घेऊन निघते आणि घरातील प्रत्येक धाकट्याच्या डोक्यावर ओंजळभर पाणी घालते. निजलेल्यालाही ती सोडीत नाही. "असाच थंडगार राहा," हा तिचा आशीर्वाद. माणसांची पाळी संपली की झाडांची येते. आंबा, लिची, फणस, परसातील तुळस, साऱ्यांच्या मुळांशी पाणी घातले जाते. गावची वाटसुद्धा शिंपतात, कारण येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय पोळू नयेत. त्या दिवशी चूल पेटत नाही. आदल्या रात्री रांधलेला भात आणि बेसनाच्या वड्यांची आंबट कढी, असे शिळेच अन्न सर्वांनी जेवावयाचे. वर्षभर जळणाऱ्या चुलीलाही एक दिवस विसावा! आपल्याकडील शिळासप्तमीची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. मात्र या चालीत आणखी एक शहाणपण असावेसे वाटते. त्या दिवसांत 'पछिया', म्हणजे पश्चिमेचा कोरडा तप्त वारा सुटलेला असतो आणि गवताच्या छपरांच्या वस्तीत एक ठिणगी सारी वस्ती खाऊन टाकते. चूल थंड ठेवण्याचा दिवस लोकांनी नेमका याच ऋतूत का निवडला असावा, हे उमगण्यास फार पांडित्य लागत नाही. दुपारी पुरुष आणि मुले एकमेकांवर चिखलफेक करीत तळ्याच्या काठी धुडगूस घालतात. त्या निमित्ताने आटलेल्या तळ्यातील गाळही निघतो.

गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसाध लोकांची वस्ती आहे. त्यांचा देव राजा सलहेस. त्याच्या ठाण्यात मातीचे हत्तीघोडे वाहिलेले असतात आणि त्याची गाथा रात्र रात्र गाइली जाते. नेपाळातील सिरहा जिल्ह्यात सलहेसाची फुलवारी आहे. तेथील एका झाडावर नववर्षाच्या दिवशीच माळेसारखे फूल उमलते, अशा श्रद्धेने या दिवशी सीमेच्या दोन्ही बाजूंचे लोक तेथे लोटतात. एकाच गावाचा एकच नववर्षदिन, पण दोन वस्त्या तो दोन तऱ्हांनी पाळतात. पूर्वी या दोहोंमधील अंतर फार कठोर होते, आणि ते सर्वस्वी मिटले आहे असे आजही म्हणता येत नाही.

पावसाळा लागतो. शेतांत पाणी चढते, बेडूक ओरडू लागतात आणि बिळांत पाणी शिरल्याने साप घरांच्या आसऱ्याला येतात. अशा वेळी 'मधुश्रावणी' येते. तिचा आरंभ श्रावण कृष्ण पंचमीला होतो. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपल्या पंचांगाप्रमाणे तो दिवस आषाढ वद्य पंचमीचा होय. ब्राह्मण व कायस्थ घरांतील नवविवाहिता हे व्रत माहेरी करतात आणि ते श्रावण शुद्ध तृतीयेपर्यंत चालते. आपल्याकडे मंगळागौर पूजणाऱ्या मुलींनी या मैथिल भगिनींना एकदा भेटावे. दोघींना एकमेकींची भाषा कळली नाही तरी गोष्ट कळेल. सायंकाळी नव्या साड्या नेसून मुली टोपल्या घेऊन फुले-पाने खुडावयास निघतात. नवल असे, की ही फुले त्याच दिवशी देवाला वाहत नाहीत. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी त्या शिळ्या फुलांनीच नागदेवता विषहरा आणि गौरी यांची पूजा होते. या पूजेस भटजी लागत नाही. पोथी सांगणारी वृद्धा स्त्रीच असते. शिवपार्वतीचा विवाह, नागकन्यांच्या कथा, सासरी नांदण्यातील सुखदुःखे असे रोज एक आख्यान ती सांगते. अंगणातील त्या नवविवाहितेने तेरा-चौदा दिवसांत जेवढे ऐकले, तेवढे तिला कोणत्याही पुस्तकाने एकदम सांगितले नसते.

शेवटच्या दिवशी 'टेमी' देतात. पेटती वात नववधूच्या गुडघ्यांस लावावयाची. फोड मोठा आला तर पतीचे प्रेम मोठे! सणांच्या गोडव्याने भारावून जाऊन अशा गोष्टींवर पांघरूण घालणे बरे नव्हे. ही चाल क्रूर आहे, आणि कित्येक घरांनी ती सोडली आहे हे योग्यच झाले. वात विझली म्हणून कथा थांबल्या नाहीत, आणि फुलेही कोमेजली नाहीत.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला महाराष्ट्रात घरोघर गणपती येतो आणि त्या रात्री चंद्राकडे पाहू नये म्हणून मुलांना बजावतात. त्याच संध्याकाळी मिथिलेत काय चालते? सारे गाव चंद्राची वाट पाहत अंगणात उभे असते! त्या सणाचे नाव 'चौरचन', म्हणजे चौथीचा चंद्र. तांदूळ भिजवून वाटलेल्या पिठीत बोटे बुडवून आजी सारवलेल्या भूमीवर 'अरिपन' काढते. आपली रांगोळी कोरडी, अरिपन ओले. ते वाळले की शुभ्र उठून दिसते. मग त्यावर शेंदराचे ठिपके. त्यावर मातीच्या नव्या मडक्यांतून लावलेले दही, पुऱ्या, खीर, केळी आणि 'पिरुकिया'. ही पिरुकिया पाहिली तर कोणीही मराठी मुलगा "ही तर करंजी!" म्हणून ओरडेल. चंद्र दिसू लागला की घरातील प्रत्येकाने हातात फळ किंवा दह्याचे भांडे घेऊन त्याचे दर्शन घ्यावयाचे. रिकाम्या हातांनी मात्र पाहावयाचे नाही. स्यमंतक मण्याची आणि श्रीकृष्णावर आलेल्या खोट्या आळाची कथा दोन्हीकडे तीच आहे. आळ टाळावा म्हणून एका प्रांताने डोळे मिटून घेतले, दुसऱ्याने ओंजळ भरून चंद्रासमोर धरली.

पुढे पितृपंधरवड्यात अष्टमीला 'जितिया' येते. मुलांच्या दीर्घायुष्यासाठी आईने पाणीही न घेता करावयाचा हा उपवास. आदल्या दिवशी नाचणीची भाकरी आणि मासे. मैथिल ब्राह्मणांच्या घरीही मासे रांधतात व त्यात कोणाला नवल वाटत नाही. मासा, विडा आणि मखाणा स्वर्गातही मिळत नाहीत, असे तेथील लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. उपवासाची देवता जीमूतवाहन. गरुडाचे भक्ष्य होणाऱ्या नागकुमाराऐवजी याने स्वतःचा देह पुढे केला; सम्राट हर्षाच्या 'नागानंद' नाटकाचा नायक तो हाच. पण आजीला नाटक ठाऊक नाही. ती घार आणि कोल्हीण यांची गोष्ट सांगते. दोघींनी उपवास धरला, कोल्हिणीने रात्री चोरून खाल्ले आणि तिची पिले जगली नाहीत. त्या गोष्टीतील धाक सध्याच्या आईला खरा वाटतो की नाही, कोण जाणे. परंतु सातासमुद्रांइतक्या दूर वाटणाऱ्या त्या मुंबईत, पंधराव्या मजल्यावर बांबूच्या परातींत उभ्या असलेल्या मुलाची आठवण झाली, की ती घोटभर पाण्याकडेही पाहत नाही.

आश्विनी पौर्णिमेची 'कोजागरा' आपल्या कोजागिरीची बहीण खरी, पण तिचा नायक नवा जावई. सासुरवाडीहून त्याच्या घरी भारेच्या भारे येतात. विड्याची पाने, बत्तासे, दही आणि टोपल्या भरभरून मखाणे. हा मखाणा एका काटेरी पाणवनस्पतीचे बी. मल्लाह लोक तळ्याच्या तळाशी बुड्या मारून ते चिखलातून गोळा करतात. मग ते वाळवून, तापल्या कढईत भाजून, गरम असतानाच लाकडी मोगरीने ठोकले की आतून पांढरीशुभ्र लाही फुटते. भाजणाऱ्याच्या बोटांना त्या वेळी जे चटके बसतात, ते खाणाऱ्याला ठाऊक नसतात. 'मिथिला मखाना' या नावाला इ. स. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रात्री चांदण्यात जावई आपल्या वहिनीबरोबर कवड्यांनी पचिशी खेळतो, आणि विडे व मखाणे साऱ्या गावाला वाटले जातात.

येथे भिंतींविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. लग्नात वधूवरांसाठी 'कोहबर' सजवितात. त्या खोलीच्या भिंतीवर स्त्रिया कमळवेल, बांबू, मासे, कासव, पोपट, सूर्यचंद्र रेखाटतात. आईने लेकीला आणि सासूने सुनेला शिकविलेली ही कला पावसात धुऊन जाई आणि पुढच्या लग्नात पुन्हा उमटे. १५ जानेवारी १९३४ रोजी भूकंपाने बिहार हादरला, घरे कोसळली आणि पडक्या भिंतींवरची ही चित्रे विल्यम आर्चर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. पुढे १९६६-६७ च्या भीषण दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मधुबनीकडे धाडले. कुलकर्णी गावोगाव हिंडले, बायकांच्या हाती कागद दिला आणि भिंतीवरचे येथे उतरवा म्हणाले. त्या कागदांनी कित्येक चुली पेटत्या ठेवल्या. जितवारपूरच्या जगदंबादेवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. त्यानंतर सीतादेवी, गंगादेवी आणि अलीकडे दुलारीदेवी यांनाही ती मिळाली. पूर्वी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या दुलारीदेवी मल्लाह समाजातल्या. उच्चवर्णीयांच्या कोहबरातून निघालेली रेघ त्यांच्या हाती आली, तेव्हा ती अधिकच भरदार झाली. पुरुष परमुलुखी राबत असताना ज्यांच्या हातांना कोणी मोल देत नव्हते, त्यांच्या हातांनी घरे सावरली.

मग येते छठ. दिवाळीनंतर सहाव्या दिवशीच्या या व्रतासाठी परमुलुखी गेलेली माणसे काय वाटेल ते करून गावी येतात. डब्याच्या दारात उभे राहून, दोन दोन रात्री जागून ती येतात. प्रसादाचे गहू धुऊन छपरावर वाळत घातले, की त्यांना चिमणीचीही चोच लागू नये म्हणून धाकटे मूल काठी घेऊन राखण करते. त्या गव्हाच्या पिठात गूळ मळून 'ठेकुआ' तळतात. या व्रताला ना मंदिर, ना मूर्ती. तळे, सूर्य आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली उपाशी आई, एवढे असले की पुरे. सूर्याला अर्घ्य देण्याचे सूप बांबूचे, आणि ते विणतो डोम समाजातला कारागीर. एरवी ज्याच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्याच्या हातच्या सुपावाचून सूर्याची पूजा होत नाही, हे त्या घाटावर किती जणांच्या ध्यानात येत असेल? प्रथम मावळत्या सूर्याला अर्घ्य, आणि रात्र सरल्यावर उगवत्याला. ज्यांना गावी येणे साधत नाही, ते मुंबईच्या जुहूच्या वाळूवर मावळत्या सूर्यासमोर उभे राहतात. तोच सूर्य कमलाकाठी सुमारे तासभर आधी बुडालेला असतो.

थोरला मुलगा यंदा छठेला आला. चार दिवस अंगण भरले. परंतु मुकादमाने रजा मोजून दिली होती. पारण्याच्या दुसऱ्या दिवशी तो निघाला, तेव्हा बहिणीने नुकत्याच केलेल्या मातीच्या चिमण्या उन्हात वाळत होत्या.

कारण छठ संपताच 'सामा-चकेबा' सुरू होतो. सामा ही श्रीकृष्णाची कन्या. चुगला नावाच्या एका दुष्टाने तिच्याविषयी पित्याचे कान भरले आणि पित्याने तिला पक्षी होण्याचा शाप दिला. भाऊ सांब याने तप करून तिला सोडविले. याच दिवसांत हिमालयापलीकडून पाणपक्ष्यांचे थवे मिथिलेच्या 'चौरां'वर, म्हणजे सखल पाणथळींवर उतरतात. मुली त्यांनाच सामाचे सोबती समजतात. मातीच्या सामा, चकेबा, भुंगा, कुत्रा आणि तागाच्या मिशा लावलेला चुगला टोपलीत मांडायचे, त्यात दिवा लावायचा आणि रोज रात्री टोपल्या डोक्यावर घेऊन गात शेताकडे जायचे. चुगल्याच्या मिशा जाळताना जो हास्यकल्लोळ होतो, तो मैलभर ऐकू यावा. कार्तिकी पौर्णिमेला सामाची पाठवणी होते. नांगरलेल्या शेतात भावाने त्या मातीच्या मूर्ती गुडघ्यावर ठेवून फोडायच्या, आणि बहिणीने त्याच्या ओट्यात नव्या भाताचे पोहे घालायचे, अशी रीत आहे.

आता भाऊ कोठून आणावा? अंगणातील त्या लेकीने धाकट्याला पुढे केले. सात वर्षांचे ते पोर, गुडघा एवढासा. पहिली मूर्ती त्याच्याने फुटेना. तो हसू लागला, मग रडकुंडीस आला. बहिणीने त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून ती मोडली. नव्या पोह्यांचा एक वाटा त्याच्या सदऱ्याच्या ओट्यात पडला; दुसरा वाटा तिने फडक्यात बांधून ठेवला. पवन एक्सप्रेसने मुंबईला जाणारा कोणी भेटला, तर त्याच्याबरोबर तो धाडावयाचा होता.

गाणी म्हणत मुली परतल्या तेव्हा चौरावर पक्ष्यांचा कलकल चालू होता. आई दलानाच्या पायरीवर बसली होती. तिच्या पुढ्यात सूप होते आणि सुपात यंदाचे तीळ. संक्रांतीला अजून दोन महिने अवकाश होता. पण तीळ बारीक, त्यातले खडे रात्री दिसत नाहीत, म्हणून तिने धाकट्याला हाक मारून दिवा जवळ आणावयास सांगितले.